विकतची साक्ष

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही उक्ती मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. कोणी ती अभिमानाने उच्चारतो, कोणी स्वतःवरच हसत. या उक्तीने जोडलेल्या दोन ठिकाणांना अलीकडे आणखी एका धाग्याने बांधले आहे, आणि तो धागा अभिमान वाटावा असा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या बलाढ्य जर्मन मोटार कंपनीचे जर्मनीतील संकेतस्थळ गूगलने आपल्या शोधयादीतून काढून टाकले. या संकेतस्थळावर शोधयंत्राला दाखवायचे पान एक आणि माणसाला दाखवायचे पान दुसरे, अशी दुहेरी मांडणी होती. यंत्रापुढच्या पानात 'जुनी मोटार' या अर्थाचा जर्मन शब्द पुनःपुन्हा कोंबलेला होता. चोरी उघडकीस आली, पाने हटवली गेली आणि काही दिवसांतच कंपनी यादीत परतली.

बीएमडब्ल्यूला हे परवडले. तिचे नाव शोधयंत्राने गाळले तरी जग ते विसरत नाही. परभणीच्या मोंढ्यातील बियाण्यांच्या दुकानदाराचे, सेलू-जिंतूरच्या शिकवणी वर्गाचे किंवा गंगाखेडच्या यात्री निवासाचे तसे नाही. आज यांपैकी प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी एक गोड आवाज येतो : 'साहेब, तुमचे दुकान गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. महिन्याला इतके दुवे, इतके रुपये.' जर्मन कंपनीने शब्द कोंबले होते, येथे साक्षीदार विकत घेतले जातात. फसवणुकीची जात एकच.

हा धंदा आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. त्यात पैसा जातो सामान्य व्यापाऱ्याचा, नाव जाते संस्थेचे, आणि विकणारा मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो. म्हणूनच हा केवळ संगणक जाणणाऱ्यांचा विषय राहिलेला नाही. बाजारातील पत कशी मिळवावी आणि कशी मिळवू नये, असा हा जुनाच प्रश्न नव्या वेषात समोर उभा आहे.

दुवा म्हणजे साक्ष

१९९८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना कोणत्याही आडत्याला सहज समजेल अशी होती. महाजालावरील एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, की पहिल्याने दुसऱ्याबद्दल साक्ष दिली असे धरायचे. ज्याच्या बाजूने जास्त साक्षीदार, त्याचे वजन जास्त. शिवाय साक्षीदार स्वतः वजनदार असेल, तर त्याच्या एका शब्दाला दहांपेक्षा अधिक मोल. मोंढ्यात नव्या माणसाला माल उधार द्यायचा की नाही, हे असेच ठरते. कोणी सांगितले, आणि सांगणारा कोण, या दोनच गोष्टी तेथे पाहिल्या जातात.

या साक्षीला शब्दही असतात. दुवा ज्या शब्दांवर बसवलेला असतो, त्या शब्दांना या क्षेत्रात 'अँकर टेक्स्ट' म्हणतात. आपण त्यांना सरळ 'दुव्याचे शब्द' म्हणू. 'परभणी क्रांती' या भेंडीच्या वाणाविषयी लिहिताना कोणी त्या शब्दांवरून कृषी विद्यापीठाच्या पानाकडे दुवा दिला, तर शोधयंत्र समजते की पलीकडच्या पानावर या वाणाची माहिती आहे. म्हणजे एखादे पान कशाबद्दल आहे, हे त्या पानाइतकेच त्याच्याकडे बोट दाखवणारेही ठरवतात.

या व्यवस्थेतील धोका लवकरच दिसून आला. २००३ च्या अखेरीस काही खोडसाळ मंडळींनी 'केविलवाणे अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयाकडे दुवे देण्यास सुरुवात केली. त्या परिचयात हे शब्द कोठेही नव्हते. तरीही ते शोधणाऱ्यास पहिल्या क्रमांकावर बुश यांचेच पान दिसू लागले. गूगलने जानेवारी २००७ मध्ये आपली गणनपद्धती बदलून हा प्रकार थोपवला. आपल्याकडे २०१५ मध्ये याहून संतापजनक घटना घडली. भारतातील 'अट्टल गुन्हेगारां'ची छायाचित्रे शोधली असता त्यांत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे छायाचित्र येऊ लागले. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या राजकारण्यांविषयी मोदींनी केलेल्या विधानांच्या बातम्यांमध्ये त्यांचे छायाचित्र होते आणि यंत्राने शेजारचे शब्द त्या छायाचित्राला चिकटवले होते. गूगलला जून २०१५ मध्ये क्षमायाचना करावी लागली. यंत्राला सत्य कळत नाही, त्याला केवळ शेजार कळतो. शेजारी कोणते शब्द ठेवायचे, याची जबाबदारी म्हणूनच लिहिणाऱ्या माणसावर येते.

काटा बदलला

साक्षीला मोल आले की साक्षीचा बाजार भरतो. कोर्टाच्या आवारातील भाडोत्री साक्षीदार सर्वांना ठाऊक आहेत. महाजालावरही तसेच झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जेसी पेनी या अमेरिकेतील प्रसिद्ध दुकानसाखळीचे बिंग फोडले. ऐन नाताळच्या खरेदीच्या काळात कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत असंख्य वस्तूंच्या शोधात तिचे नाव सर्वांत वर येत होते. त्यामागे भलत्याच विषयांच्या, ओसाड पडलेल्या हजारो पानांवर पेरलेले दुवे होते. गूगलने कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात सायंकाळी पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. आपल्याला याची कल्पनाच नव्हती, असे सांगून कंपनीने आपल्या सल्लागारांना निरोप दिला. शिक्षा मात्र कंपनीच्याच नावाला झाली होती.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने 'पेंग्विन' नावाचा मोठा बदल अमलात आणला. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे कंपनीने सांगितले होते. विकत घेतलेले दुवे, दुव्यांची साखळी आणि एकाच शब्दसमूहाची घोकंपट्टी ही त्याची लक्ष्ये होती. ज्यांनी कालपर्यंत 'स्वस्त अमुक, स्वस्त तमुक' या एकाच शब्दांवरून शेकडो दुवे गोळा केले होते, त्यांचे तेच भांडवल एका रात्रीत कर्ज ठरले.

सप्टेंबर २०१६ मध्ये हा बदल गूगलच्या मूळ पद्धतीत कायमचा मुरवण्यात आला. त्यानंतर खोट्या दुव्यांबद्दल संपूर्ण संकेतस्थळास खाली ढकलण्याऐवजी बहुतेक वेळा ते दुवे निष्फळ ठरवले जाऊ लागले. गंभीर प्रकरणात माणसाकरवी तपासून केलेली कारवाई वेगळी, ती आजही होते. डिसेंबर २०२२ मध्ये विकत घेतलेले आणि विकणारे, असे दोन्ही पक्ष ओळखण्यासाठी स्वयंशिक्षित यंत्रणा कामाला लावण्यात आली. मार्च २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले.

याचा व्यवहारातील अर्थ दुकानदाराने नीट समजून घ्यावा. पूर्वी विकतचा दुवा काही दिवस चालत असे आणि मग बुडवत असे. आता तो बहुधा चालतच नाही. दरमहा हजारो रुपये ओतून जे मिळते त्याचे वजन शून्य धरले जाते. विकणारा दुव्यांची लांबलचक यादी दाखवतो आणि ती यादी खरीही असते. पण वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्यास जिनिंगवाला जसा आर्द्रता मोजून भाव देतो, तसेच येथे होते. पाण्याचे पैसे कोणी देत नाही. उलट ओला कापूस आणणारा म्हणून नाव मात्र लक्षात राहते.

विभक्ती नसलेले शब्द

खोटा दुवा ओळखायचा कसा, असे कोणी विचारील. मराठी माणसाला त्यासाठी यंत्राची गरज नाही, त्याची भाषाच त्याला ते सांगते. मराठीत शब्द वाक्यात आला की त्याचे सामान्यरूप होते, त्याला विभक्ती लागते. मनापासून लिहिणारा 'परभणीतील सोयाबीन उत्पादकांनी', 'विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यानुसार', 'धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिराविषयी' असे लिहितो. दहा माणसे लिहितील तर दहा रूपे होतील. कोणी संस्थेचे पूर्ण नाव लिहील, कोणी अर्धे, कोणी केवळ गावाचे. विकतच्या दुव्याचे शब्द पाहावेत : 'परभणी सोयाबीन बियाणे दुकान स्वस्त'. पाच नामे-विशेषणे पोत्यात भरल्यासारखी ठासलेली, एकालाही प्रत्यय नाही, क्रियापदाचा पत्ता नाही. हे शब्द वाक्यासाठी जन्मलेलेच नाहीत. ज्या शब्दाला विभक्ती नाही, त्याचा शेजारच्या शब्दाशी संबंध नाही, आणि असा दुवा देणाऱ्याचा घेणाऱ्याशीही नाही.

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. कबीर जनाबाईंना भेटावयास आले, तेव्हा त्या गवऱ्यांवरून दुसऱ्या एका बाईशी भांडत होत्या. दोघींच्या गवऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या आणि दिसायला सारख्याच होत्या. निवाडा कसा करायचा? जनाबाई म्हणाल्या, गवरी कानाला लावून पाहा, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी. बाहेरून पाहता सगळे दुवे सारखेच दिसतात. त्यामागे श्रम आणि आपुलकी आहे की केवळ पैसा, हे कान लावल्यावरच कळते. शोधयंत्राचे गेल्या पंधरा वर्षांतील सारे बदल म्हणजे यंत्राला असा कान देण्याचे प्रयत्न आहेत. ते पूर्ण यशस्वी झालेले नाहीत, पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

पुनरुक्तीने सत्य सिद्ध होत नाही, हेही याच जिल्ह्याने अनुभवले आहे. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाची १०० कोटी रुपयांची घोषणा जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केली. त्यावरून १९ जानेवारी रोजी शिर्डीत बंद पाळण्यात आला. वादाच्या कोणत्याही बाजूला कोणाची श्रद्धा असो, एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य व्हावी. 'जन्मस्थान' या एका शब्दावरून हजार पानांनी एकमेकांकडे दुवे दिले, म्हणून इतिहास घडत नाही आणि पुसलाही जात नाही. त्यासाठी कागदपत्रे, परंपरा आणि अभ्यास तपासावा लागतो. एकाने लिहिलेले नव्व्याण्णवांनी उचलले तर साक्षीदार शंभर होत नाहीत, एकच राहतो.

'सगळेच करतात'

या धंद्याचे समर्थन करणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : 'सगळेच करतात. आम्ही नाही केले तर मागे पडू.' लाचेचे, कॉपीचे, मापात मारण्याचे समर्थन याच वाक्याने झाले आहे. परीक्षा केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारा बापही हेच म्हणतो. त्या मुलाला गुणपत्रिका मिळते, विद्या मिळत नाही. विकतच्या दुव्यांनी फार तर पहिल्या पानावर काही दिवसांची जागा मिळेल, पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला देण्यासारखे पानावर काही नसेल तर तो पुन्हा येणार नाही.

या व्यवहारात विकणाऱ्याइतकाच दोष जागा देणाऱ्याचा आहे, आणि येथे वृत्तपत्रांनी व नियतकालिकांनी आरशात पाहण्याची गरज आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही फुले पोहोचवणारी मोठी संस्था गूगलच्या शोधात अचानक दिसेनाशी झाली. स्वतःच्या नावाने शोधले तरी ती सापडत नव्हती. तेथील अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर पैसे देऊन छापून आणलेले लेख आणि त्यांतील दुवे हे त्यामागचे कारण असल्याचे जाणकारांनी दाखवून दिले. केवळ इंटरफ्लोराच नव्हे, तर त्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे मानांकनही घसरले. खोटी साक्ष देणाऱ्याची पतही साक्ष घेणाऱ्याबरोबर बुडते.

महाराष्ट्राला हा रोग अपरिचित नाही. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'ची लाजिरवाणी प्रकरणे बाहेर आली आणि २०१० मध्ये भारतीय प्रेस परिषदेला त्यावर अहवाल द्यावा लागला. जाहिरात छापणे हा गुन्हा नव्हता, ती बातमीच्या वेषात छापणे हा अपराध होता. विकतचा दुवा हे 'पेड न्यूज'चेच धाकटे भावंड आहे. त्याला उपायही तोच, म्हणजे जाहिरातीला जाहिरात म्हणणे. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यास तशी खूण करण्याची सोय २००५ पासून 'नोफॉलो' या रूपाने उपलब्ध आहे आणि सप्टेंबर २०१९ पासून 'स्पॉन्सर्ड' ही स्वतंत्र खूणही आहे. ही खूण वाचकाला दिसत नाही, म्हणून पानावर 'जाहिरात' हा शब्दही स्पष्ट छापला पाहिजे. शोधयंत्राशी प्रामाणिक आणि वाचकाशी अप्रामाणिक, असा अर्धवट सदाचार कामाचा नाही.

न्यायाधीशाचेच दुकान

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. 'ज्या कंपनीचे नियम आम्ही पाळायचे, ती स्वतः कोठे धुतल्या तांदळाची आहे?' प्रश्न रास्त आहे. निवाडा करणाऱ्याचेच त्या बाजारात दुकान आहे आणि पहिल्या पानाची वरची जागा जाहिरात म्हणून तोच विकतो. शोधाच्या निकालांत आपल्याच सेवांना झुकते माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हे प्रकरण 'भारत मॅट्रिमनी'च्या चालक कंपनीच्या आणि जयपूरच्या 'कट्स' या ग्राहक संस्थेच्या तक्रारींवरून उभे राहिले होते. गूगलने त्याविरुद्ध अपील केले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्याच संघीय न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या क्षेत्रातील गूगलची मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवलेली असल्याचा निर्णय दिला.

नियम बदलण्याची रीतही मनमानीची आहे. ऑक्टोबर २०१४ च्या 'पेंग्विन' फेरीत ज्यांची संकेतस्थळे घसरली, त्यांनी चूक दुरुस्त केल्यानंतरही पुढील फेरीसाठी सप्टेंबर २०१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे वाट पाहावी लागली. तोवर कितीतरी लहान धंद्यांचे कंबरडे मोडले असेल. कोणत्याही लोकशाही देशातील न्यायालय शिक्षा भोगून सुधारलेल्या माणसाला असे दारात ताटकळत ठेवणार नाही. इतक्या मोठ्या सत्तेवर कायद्याचा अंकुश हवा, भारतीय भाषांतील शोधाची स्वतःची साधने हवीत आणि सरकारने त्यासाठी खर्च करावा, या मागण्या योग्यच आहेत.

परंतु न्यायाधीश पक्षपाती आहे, म्हणून खोटे साक्षीदार उभे करण्याचा परवाना मिळत नाही. परक्याच्या अन्यायाला उत्तर म्हणून आपल्याच वाचकाला, आपल्याच गिऱ्हाइकाला फसवायचे, हा कोठला स्वाभिमान? खोटे दुवे पेरल्याने गूगलचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते खरे काम करणाऱ्या शेजाऱ्याचे. त्याचे प्रामाणिक पान आणखी खाली ढकलले जाते. खोटी साक्ष देऊ नये, हा नियम कॅलिफोर्नियातून आलेला नाही. तो आपल्या घरातलाच आहे.

आपल्याच माणसांना न दिलेले श्रेय

या विषयाची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. विकतच्या दुव्यांवर पैसा उधळणारा आपला समाज, जेथे फुकट आणि हक्काचा दुवा द्यायचा तेथे मात्र हात आखडतो. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' भेंडी आणि 'परभणी मोती' ज्वारी ही वाणे तेथील संशोधकांच्या परिश्रमाचे फळ आहे. त्यांच्या शिफारशी पानेच्या पाने उचलून आपल्या संकेतस्थळावर डकवणाऱ्यांना मूळ पानाकडे एक दुवा देणे जड जाते. चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांची, धारासूरच्या शिल्पांची, नेमगिरीच्या लेण्यांची माहिती एखादा शिक्षक सुट्टीत पायपीट करून गोळा करतो आणि पुढच्या आठवड्यात तीच माहिती त्याच्या नावाशिवाय दहा ठिकाणी फिरते. मूळ झरा कोणता आणि ओंजळ कोणाची, हे ना वाचकाला कळते ना यंत्राला.

दुवा हा ऋणनिर्देश आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे, ही आपली रीत आहे. कीर्तनकार कथा सांगताना संतांचे नाव घेतो, वैद्य औषध देताना ग्रंथाचे नाव घेतो. महाजालावर आपण ही रीत सोडली आणि मग मराठीत शोधले की दर्जेदार काही सापडत नाही, अशी तक्रार करीत बसलो. जे आपणच दाखवत नाही, ते यंत्राला कोठून दिसणार?

पत कशी मिळवावी

मग सामान्य दुकानदाराने, संस्थाचालकाने आणि कार्यकर्त्याने करायचे काय? मार्ग साधा आहे, पण त्यात घाई नाही.

सर्वप्रथम, दुव्यासाठी पैसे मोजू नयेत आणि 'महिन्याला इतके दुवे' या भाषेत बोलणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. 'तू माझा दुवा दे, मी तुझा देतो' असे घाऊक देवाणघेवाणीचे करारही टाळावेत. आपला खरा संबंध ज्यांच्याशी आहे, त्यांना मात्र अवश्य विनंती करावी. बियाणे कंपनीच्या विक्रेत्यांच्या यादीत, व्यापारी संघटनेच्या सभासद सूचीत, ज्या शाळेच्या कार्यक्रमाला मदत केली तिच्या वृत्तांतात आपले नाव येणे ही खरी साक्ष आहे. असे पाच दुवे विकतच्या पाचशेंना भारी आहेत.

दुव्याचे शब्द काय असावेत, हे समोरच्या लिहिणाऱ्यावर सोडावे. ते ठरवून देण्याचा हट्ट धरला की खोटेपणा आलाच. दुकानाचे किंवा संस्थेचे नाव हे सर्वांत निर्धोक शब्द. आपल्या स्वतःच्या पानांवर मात्र 'येथे टिचकी मारा' असे मोघम लिहिण्याऐवजी 'रब्बी ज्वारीच्या पेरणीची वेळ' असे नेमके शब्द दुव्यासाठी वापरावेत. पलीकडे काय आहे ते वाचणाऱ्यास आधी कळले पाहिजे. तोच मजकूर, तेच शब्द पानोपानी घोकू नयेत.

पूर्वी चूक झाली असेल तर ते दुवे काढून टाकण्याची विनंती करावी. गूगलकडून रीतसर इशारा आला असेल आणि दुवे हटवणे शक्य नसेल, तर ते नाकारण्याची सोय ऑक्टोबर २०१२ पासून आहे. इशारा नसताना घाबरून सगळेच दुवे नाकारत सुटणे हेही शहाणपणाचे नाही. तसे करण्यास भीती घालून पैसे उकळणारेही आता निघाले आहेत.

संस्थाचालकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. शाळा, वाचनालये, देवस्थाने उत्साहाने संकेतस्थळ काढतात आणि दोन वर्षांनी त्याच्या नावाचे नूतनीकरण विसरतात. अशी टाकून दिलेली नावे त्यांच्या जुन्या पतीसाठी विकत घेतली जातात. मार्च २०२४ च्या नियमांत गूगलने या प्रकारास स्पष्टपणे गैर ठरवले. कंपनीने दिलेले उदाहरणच बोलके आहे : पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या संकेतस्थळावर जुगाराचा मजकूर. ज्या नावाखाली कालपर्यंत मुलांच्या प्रार्थनेची छायाचित्रे होती, तेथे उद्या पत्त्यांचा डाव मांडला जावा, हे कोणत्या शिक्षकाला सहन होईल? वर्षाकाठी काही शे रुपये आणि दिनदर्शिकेवरील एक खूण एवढ्यावर हे टळते.

आणि शेवटी, दुसऱ्याला मोकळ्या मनाने दुवा द्यावा. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील अभ्यासकांच्या लेखनाकडे, प्रत्येक वाचनालयाने मराठी विश्वकोशाकडे, प्रत्येक शेतकरी गटाने विद्यापीठाच्या मूळ शिफारशीकडे बोट दाखवले, तर काही वर्षांत मराठी ज्ञानाचे असे जाळे विणले जाईल की कोणत्याही यंत्राला ते डावलता येणार नाही. २०२४ पासून शोधयंत्रे पानांची यादी देण्याआधी स्वतःच उत्तर रचून देऊ लागली आहेत. ती उत्तरेही कोणाच्या तरी लेखनावरच उभी असतात. तेथे मराठीतील विश्वासार्ह पाने नसतील, तर परभणीच्या मातीविषयीचे उत्तरही दुसऱ्याच कोणाच्या शब्दांत येईल.

मोंढ्यातल्या जुन्या पेढ्यांच्या दारावर कधी 'आम्ही प्रामाणिक आहोत' अशी पाटी नव्हती. तीन पिढ्या काटा सरळ ठेवला, एवढीच त्यांची जाहिरात होती, आणि ती पंचक्रोशीत पोहोचत होती. काटा आता संगणकाचा आहे. परभणीकरांनी तो हातात घेताना मापात मारू नये आणि शेजाऱ्याच्या खऱ्या मालाला खरे म्हणायला कचरू नये.